दुखणं खोटं नव्हतं

सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं नॉर्मल. आयबीएस आहे म्हणत डॉक्टरांनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिली. मेडिकलवाला म्हणाला, "वहिनी, ही तर डिप्रेशनची." मी ती आठवडाभर साड्यांखाली लपवली. पोट दुखतंय माझं, डोकं ठिकाणावर आहे!

मग मी वाचायला बसले.

1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो जगला, पण पोटाला भोक राहिलं. त्यातून डॉक्टर विल्यम बोमाँट कित्येक वर्षं पचन पाहत राहिले. माणूस चिडला की जठराचं अस्तर बदलतं, पचन बिघडतं, असं त्यांनी 1833 च्या पुस्तकात लिहून ठेवलं.

पुढे इटलीत एर्स्पामेर यांना आतड्यात एक द्रव्य सापडलं. 1948 मध्ये अमेरिकेत रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढलं. 1952 मध्ये कळलं, दोन्ही एकच! लगेच पुढच्या वर्षी बेटी ट्वारॉग या तरुण संशोधक बाईंनी ते मेंदूतही असल्याचं सहकाऱ्यासह दाखवलं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं. म्हणजे मेंदू आणि आतडं, दोघांची बोली जुळते.

अमिट्रिप्टिलिन 1961 पासून नैराश्यासाठी वापरात आलं. पण थोड्या मात्रेत ते आतड्याकडून मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी सौम्य करतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडातल्या आयबीएसच्या 463 रुग्णांपैकी निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी सहा महिने दिली. खऱ्या गोळीवाल्यांना जास्त आराम पडला. मात्रा होती दहा ते तीस मिलिग्रॅम. नैराश्यासाठी याहून पुष्कळ जास्त लागते. मात्र तोंड कोरडं पडतं, झापड येते, बद्धकोष्ठ होऊ शकतं. म्हणून शेजारणीचं पाहून कुणी घेऊ नये, डॉक्टरांनाच विचारावं.

मी घेतली. पोट पूर्ण बरं नाही, पण रात्री झोप लागते.

आईचंही पोट असंच दुखायचं. उपवासाच्या दिवशी बायका म्हणत, "उपाशी राहून झालंय." एरवी म्हणत, "नाटक आहे." ती ओवा चावत स्वयंपाक करायची. तिला गोळी मिळाली नाही, ते राहू दे. "तुझं दुखणं खरं आहे," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं.

काल जाऊबाईंनी विचारलं, "ही कसली गोळी?" मी सरळ नाव सांगितलं.