दोष ग्रहणाचा नव्हता

काचीगुड्याच्या आणि सुलतान बाजारच्या जुन्या आठवणी इथे बऱ्याच जणांनी लिहिल्या. माझी आजची आठवण सुखाची नाही, पण मुलीसुनांच्या कामाची आहे.

16 फेब्रुवारी 1980, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण होतं. सावलीचा पट्टा कर्नाटकातून आपल्याकडे येऊन ओडिशाकडे गेला. उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते आणि शहरात रस्ते ओस. आमच्या घरी वहिनींना दुसरा महिना होता. आईने त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, उठायचंही नाही. वहिनी एकदाच पाणी प्यायला उठल्या.

सप्टेंबरात मुलगा झाला. वजन कमी, दोन्ही डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू. पुढे कळलं की ऐकू येत नाही आणि हृदयातही दोष आहे. आईने निकाल देऊन टाकला, "ग्रहणात उठली ना!"

दवाखान्यात वहिनींबरोबर मी गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, दिवस गेल्यावर ताप, पुरळ असं काही आलं होतं का? आलं होतं. ग्रहणाच्या आधी दोन-तीन दिवस बारीक ताप, अंगावर लालसर पुरळ. घामोळं म्हणून कोणी लक्षच दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा रुबेला, जर्मन गोवर. ग्रहणाचा काही संबंध नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण घरी येऊन आईपुढे बोललो नाही. बँकेत हिशेबातली एका पैशाची चूक सोडत नसे, इथे मात्र गप्प बसलो.

या आजाराचा छडा 1941 साली ऑस्ट्रेलियात लागला. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकाएकी मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. बाहेर बसलेल्या आयांच्या गप्पांतून त्यांच्या कानावर आलं की गरोदरपणात त्यांना रुबेला झाला होता. त्यांनी 78 बाळांची माहिती गोळा केली. बहुतेकांच्या आयांची हकीकत तीच निघाली. आईला हा आजार किरकोळ वाटतो, पण विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत डोळे, कान, हृदय, मेंदू घडत असतात, म्हणून घाव एकाच वेळी अनेक अवयवांवर बसतो. 1964-65 च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे 20,000 बाळं असा दोष घेऊन जन्मली. 1969 मध्ये तिथे लस आली.

म्हणजे आमच्या बाळाच्या आधी अकरा वर्षं लस होती, पण आपल्या सरकारी लसीकरणात नव्हती. गोवर-रुबेला मोहीम आपल्या देशात फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू झाली, तेलंगणात त्याच वर्षी ऑगस्टात आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना टोचायची. ही लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

पुतण्या सहाव्या वर्षी गेला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगांतून उजेडाकडे बघून हसायचा. हृदयाने साथ दिली नाही.

2017 मध्ये नातीच्या शाळेतून त्या लसीचा कागद घरी आला. तो घेऊन मी वहिनींकडे गेलो, वाचून दाखवला आणि 1980 साली डॉक्टर काय म्हणाले होते त्याची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "मला आठवतंय भाऊजी. मीही तिथेच होते. तुम्ही घरी सांगाल म्हणून वाट पाहिली." मग थोड्या वेळाने, "आता सासूबाई नाहीत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मंडळी, घरात लग्नाची मुलगी किंवा नवी सून असेल तर रुबेलाची लस झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. लस दिवस जाण्याआधी घ्यायची असते, नंतर किमान महिनाभर थांबायचं. गरोदरपणात ती देत नाहीत. ग्रहण पाळायचं तर खुशाल पाळा. पण एखाद्या घरी असं बाळ जन्मलं, तर त्याच्या आईला दोष देऊ नका. आणि दुसरं कोणी देत असेल तर माझ्यासारखे गप्प बसू नका.