तर मंडळी... मान कुणाचा?

तर मंडळी, ह्या शनिवारचा विषय खुद्द 'मंडळी' हाच आहे.

आपल्या मराठीत हा शब्द भलताच लवचिक. कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतो, नाटक कंपनीच्या नावातही 'नाटक मंडळी' असायचं, आणि जुन्या काळी सभ्य पुरुष बायकोचं नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणून वेळ मारून न्यायचे. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हा शब्द अगदी नेमका आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात 'चर्च' ह्या अर्थी 'मंडळी' येतो. म्हणजे इमारत नाही, माणसं. छप्पर उडालं तरी मंडळी शिल्लक राहते. माणसं पांगली की मग कितीही उंच मनोरा असू दे, मंडळी संपली.

आता अस्मादिक पडले तुळजापूरचे. तुळजापूरच्या माणसानं प्रेसबिटेरियन मंडळ्यांच्या इतिहासात का नाक खुपसावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचं उत्तर 'मान' ह्या शब्दात आहे.

आमच्या गावात लहान पोरालाही माहीत असतं की देवीचं प्रत्येक काम कुणाचं ना कुणाचं असतं. भोपे वेगळे, पाळीकर वेगळे, उपाध्ये वेगळे. पाळीकर म्हणजे ज्यांच्याकडे पूजेची पाळी येते ते. दसऱ्याला देवीची पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि तो मान तिथल्या भगत घराण्याचा. पलंगही त्याच बाजूनं मजल दरमजल करत येतो. सीमोल्लंघन झालं की देवी त्या पलंगावर निजते ती कोजागिरीपर्यंत. वर्षभराचं वेळापत्रक असं शेकडो वर्षं चालत आलंय, आणि कोणी काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे. जन्मानं. ऑन-कॉलचं रोस्टर, पण पिढ्यान् पिढ्यांचं! ह्या व्यवस्थेत एक प्रचंड ताकद आहे. माणूस गेला तरी काम अडत नाही, पुढची पिढी उभी असते.

पण मग ज्याला जन्मानं कसलाच मान मिळालेला नाही, त्याचं काय? एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखातल्या काही मोजक्या लोकांनी ह्या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर करून पाहिलं. ते उत्तर स्कॉटलंडहून आलं होतं, आणि त्याची मुळं आपल्या मातीत रुजताना काय काय झालं ते बघण्यासारखं आहे.

'प्रेसबिटेरियन' हा जिभेला गाठ मारणारा शब्द ग्रीक 'प्रेसबुतेरॉस'वरून आला. अर्थ काय? वडील माणूस. मराठी मंडळ्यांनी तोच अर्थ सरळ उचलला आणि मंडळीच्या पंचांना 'वडील' म्हणायला लागले. हे वडील मंडळीतूनच निवडले जातात. पाळक, म्हणजे पास्टर, आणि वडील मिळून मंडळीचा कारभार बघतात. त्या बैठकीला सेशन म्हणतात. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसतात ती प्रेसबिटरी. त्यावर सिनड, त्यावर जनरल असेंब्ली. अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात, पण तो कुणाचा साहेब नसतो. ठरावीक काळ सभा चालवायची आणि मग गुपचूप आपल्या जागी येऊन बसायचं. बिशप नाही, वारसा नाही. निर्णय पटला नाही तर वरच्या सभेकडे दाद मागायची. एस्कलेशन मॅट्रिक्स म्हणा हवं तर. फरक इतकाच की इथे वरच्या पायरीवर एकटा व्हीपी नसतो, पुन्हा एक सभाच असते.

मुंबईत हा प्रकार रुजवला जॉन विल्सननं. (हो, विल्सन कॉलेजवाला तोच.) 1829 साली तो मुंबईत उतरला, मराठी शिकायला कोकणात हर्णै-बाणकोटला जाऊन राहिला, आणि 1831 मध्ये प्रेसबिटेरियन पद्धतीची एक चिमुकली मंडळी त्यानं मुंबईत स्थापन केली. आपल्या एखाद्या प्रोजेक्ट टीमपेक्षाही लहान.

मग आलं 1843. ह्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, एक एडिंबरोत आणि एक मुंबईत.

स्कॉटलंडमध्ये तेव्हा भांडण चालू होतं ते पाळक कोणी नेमायचा ह्यावर. कायद्यानं तो हक्क गावच्या जमीनदाराकडे होता. मंडळीला पसंत नसलेला माणूससुद्धा जमीनदार तिच्या डोक्यावर बसवू शकत असे. दहा वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी 18 मे 1843 रोजी एडिंबरोच्या जनरल असेंब्लीतून पाळकांचा एक मोठा गट उठला आणि बाहेर पडला. सगळे मिळून साडेचारशेहून जास्त पाळकांनी, म्हणजे साधारण एक तृतीयांश लोकांनी, सरकारमान्य चर्च सोडलं. सोडलं म्हणजे पगार सोडला, राहतं घर सोडलं, चर्चची इमारत सोडली. त्यातून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड उभं राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्वात महागडा फोर्क! मुंबईत विल्सन आणि त्याचे सहकारीही फ्री चर्चच्या बाजूनं गेले, आणि त्यांनाही शाळेची इमारत आणि सामान जुन्या चर्चच्या हवाली करून नव्यानं मांडामांड करावी लागली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ह्या तरुण ब्राह्मणाचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. श्रीपत अज्ञान, म्हणजे वयानं लहान. बापानं कोर्टात धाव घेतली आणि कोर्टानं मुलाला बापाच्या ताब्यात दिलं. खटला संपला, पण खरा पेच तिथे सुरू झाला. मुलगा घरी आला खरा, पण मिशनऱ्यांकडे जेवला होता ना! त्याला जातीत परत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकर ('दर्पण'कार, दुसरे कोण) म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी मंडळींनी आकाशपाताळ एक केलं आणि खुद्द बाळशास्त्र्यांवरच बहिष्काराची वेळ आली.

मला ह्या प्रकरणात कोर्टापेक्षा महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. त्या काळात जात म्हणजे नुसता दाखल्यावरचा रकाना नव्हता. बारसं तिच्यात, लग्न तिच्यात, आणि शेवटी खांदा द्यायला चार माणसं तीही तिच्यातूनच. जातीबाहेर पडलेल्या माणसाला देव बदलणं एक वेळ सोपं होतं. पण मेल्यावर तिरडी कोण बांधणार? मुलीला स्थळ कोण सुचवणार? बाळंतिणीजवळ रात्री कोण बसणार? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

म्हणून मराठी ख्रिस्ती माणसासाठी मंडळी ही रविवारी तासभर जाऊन बसायची जागा कधीच नव्हती. ती त्याची नवी भावकी होती. फरक एवढाच की ही भावकी जन्मानं मिळालेली नव्हती, ती रोज उठून घडवावी लागत होती.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि 1860 च्या दशकात त्यांनी जालन्यात काम सुरू केलं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, आमच्या तुळजापूरसारखंच. तिथे त्यांच्यामागे आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्या काळात सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ एक नवं गाव वसलं, बेथेल. बायबलमधलं नाव, अर्थ 'देवाचं घर'. गावकुसाबाहेर राहण्याची ज्यांना सवय लावली होती, त्यांचं हे गाव. ह्याला कुसाबाहेर असं काही नव्हतंच. हेच शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत आपल्या पागोट्यानिशी व्यासपीठावर उभे राहिले. स्टीव्ह जॉब्जच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी आपल्या माणसानं अमेरिकेत काय 'प्रेझेन्स' दाखवला असेल, कल्पना करा!

आता अशा मंडळीचा आठवडा कसा असतो ते बघू. उपासनेत गीतं होतात, शास्त्रवाचन होतं, उपदेश होतो, आणि मग येतात सूचना. बाहेरच्या माणसाला सूचना म्हणजे कंटाळवाणा भाग. माझ्या मते मंडळीचा सगळा इतिहास तिथे दडलेला असतो. बुधवारी महिलांची प्रार्थनासभा कुणाच्या घरी. तरुण संघाची बैठक. रविवारच्या शाळेला शिक्षक हवेत. आजारी कोण, भेटायला कोण जाणार. अमक्या-तमकीच्या विवाहाची घोषणा, लागोपाठ तीन रविवार, कुणाची हरकत असेल तर बोला. (ओपन रिव्ह्यू, तोही तीन राउंडचा.) मग मोसमाप्रमाणे झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टरच्या पहाटेची उपासना. कापणीच्या सणाला शेतकरी धान्य, भोपळे, कोंबड्या घेऊन येणार, त्यांचा लिलाव होणार आणि पैसे मंडळीच्या खात्यात जमा. इथेही कामांच्या पाळ्या आहेतच. पण त्या वंशावळीनं येत नाहीत, हात वर करून घ्याव्या लागतात. आणि कोणीच हात वर केला नाही तर पुढच्या रविवारी खरंच काम अडतं. वारसा नसण्याची ही किंमत आहे.

गंमत म्हणजे ह्यातलं बरंच काही स्कॉटिश गुरूंनाही ठाऊक नव्हतं. कडक प्रेसबिटेरियन स्कॉटलंडमध्ये नाताळ हा सण मानतच नसत. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट 1958 साली! वाद्यांनाही त्यांच्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात बराच काळ मज्जाव होता. इकडे मराठी मंडळीनं पेटी घेतली, तबला घेतला, ख्रिस्ती कीर्तनं उभी केली आणि नाताळला रात्ररात्र गात गल्ल्या पालथ्या घातल्या. ना. वा. टिळकांची भजनं आजही गायली जातात. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रेसबिटेरियनांच्या चुलत घराण्यातले. ते घराणं काँग्रिगेशनल, आमच्या शेजारच्या सोलापुरात त्याचंच काम होतं. दक्षिणेकडे कोल्हापुरात रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आला, ते काम 1870 मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे गेलं आणि पुढे 1894 मध्ये मिरजेत डॉ. वानलेस ह्यांचं इस्पितळ त्यातूनच उभं राहिलं.

हे सगळं वाचून 'वा, काय लोकशाही!' असं वाटलं असेल तर जरा थांबा. कागदावर मत प्रत्येकाला होतं, पण तिजोरीची किल्ली बरीच वर्षं परदेशी मिशनकडे होती. पाळकाचा पगार जिथून येतो तिथे खरी सत्ता असते, हे 1843 साली स्कॉटलंडच्या पाळकांना चांगलं कळलं होतं. इथे येऊन ते विसरायला झालं असावं. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला, त्यामागे हीच घुसमट होती. देशी माणसाचा ख्रिस्त त्यांना देशी घरातच हवा होता. आणि जात? एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसंही सोयरीक जुळवताना हळूच जुनी जात विचारत राहिली. चौकट बदलली म्हणून माणूस रातोरात बदलत नाही.

पण चौकट अगदीच वाया गेली असंही नाही. ज्याच्या आजोबांना गावाच्या पंचायतीत बसायला जागा नव्हती, तो माणूस 'वडील' म्हणून खुर्चीवर बसला. त्यानं हिशेब तपासला, ठराव मांडला, पाळकाच्या निवडीवर मत दिलं. 1950 साली राज्यघटना अमलात आली तेव्हा मताचा अधिकार त्याच्यासाठी अगदी नवा नव्हता.

पुढे प्रेसबिटेरियन हे नाव मागे पडत गेलं. 1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचं संयुक्त चर्च झालं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथांचं विलीनीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, जन्माला आलं. फोर्क करणं सोपं, मर्ज करणं महाकठीण, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. बिशप नको म्हणणाऱ्यांच्या वारसांनी बिशप स्वीकारला, आणि बिशपवाल्यांनी मंडळीनं निवडून दिलेली कमिटी स्वीकारली. कोणीच सगळं जिंकलं नाही. बहुधा म्हणूनच ते जमलं.

आता माझा मुद्दा. आपण पुण्या-मुंबईत, बंगलोरात फ्लॅट घेऊन राहणारे लोकही एका अर्थानं भावकीबाहेर पडलेलेच आहोत. आपल्याला कोणी बहिष्कृत केलं नाही, आपणच नोकरीमागे आलो. गावाकडचा मान गावाकडेच राहिला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही, शेजारच्या घरात आजारी कोण आहे ते आपल्याला अॅम्ब्युलन्स आल्यावर कळतं. नवी मंडळी घडवायची तर काय लागतं, ह्याचं उत्तर जालन्याजवळच्या त्या गावानं दीडशे वर्षांपूर्वी शोधायला घेतलं होतं. तत्त्वज्ञान नंतर. आधी, येत्या बुधवारी कुणाच्या घरी जमायचं आणि चहा कोण करणार, एवढं ठरवावं लागतं. आणि मग कोणीतरी हात वर करावा लागतो.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.