कौशल्याची यादी कोणी लिहिली?

"पदवी आहे, पण कौशल्य नाही." कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन दारोदार फिरणाऱ्या आमच्या मुलामुलींना हे वाक्य पाठ झाले आहे. पूर्वी याच वाक्यात 'मेरिट' हा शब्द असे. शब्द बदलला, बोट मात्र आमच्याकडेच राहिले. म्हणून या कौशल्याचा इतिहास आम्हाला तपासावा लागतो.

पहिली गोष्ट. कौशल्याची मागणी कंपन्यांच्या आधी आम्ही केली आहे. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीने शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान शिकवा, असे त्यांनी मागितले. नांगर किंवा सुताराची हत्यारे हाती धरायला ज्याला लाज वाटत नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. डोके एका जातीकडे आणि हात दुसऱ्या जातीकडे, ही विभागणीच त्यांना मोडायची होती.

1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या पदवीने आमचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी शिष्यवृत्त्या द्या, परदेशी पाठवा, असा त्यांचा आग्रह होता. 1944 पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आमची मुले कोडिंग करतात, त्यामागे हा लढा आहे.

आता दुसऱ्या बाजूची यादी पाहा. 1968 साली अमेरिकेतील एसीएम या संस्थेने कॉम्प्युटर सायन्सचा अभ्यासक्रम सुचवला. त्यात प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट गणित, संगणकाची रचना असे विषय होते. महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि शिक्षणाला फीचे कुंपण पडले. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. एनबीए या मूल्यांकन मंडळाने पदवीधराकडून बारा गुणांची अपेक्षा ठेवली. त्यातले पाच तांत्रिक. उरलेले सात म्हणजे समाजाचे भान, पर्यावरण, नीती, संघकार्य, संवाद, प्रकल्प व्यवस्थापन आणि आजन्म शिक्षण.

यादी वाईट नाही. प्रश्न असा की मुलाखतीच्या खोलीत या बारांपैकी काय मोजले जाते? 'संवाद' म्हणजे इंग्रजीचा उच्चार, आणि 'संघकार्य' म्हणजे आमच्यात मिसळणारा माणूस! 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये दोन अभ्यास आले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाला बोलावणे कमी आले. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठले. ते तोंडाने गुणवत्ता सांगत होते आणि उमेदवाराला कुटुंबाची पार्श्वभूमी विचारत होते. बापाचा धंदा काय, यात कोणते अल्गोरिदम आहे?

यावरून कौशल्य हे थोतांड आहे, असा निष्कर्ष आपल्यातल्या काहींनी काढला तर तो आत्मघात ठरेल. पाच तांत्रिक गुण परीक्षेपुरते पाठ करून येत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क यांचा पाया पक्का लागतो, आणि स्वतः लिहिलेला, चुकलेला, दुरुस्त केलेला प्रोग्राम लागतो. त्यासाठी घरी लॅपटॉप हवा, कॉलेजात चालू प्रयोगशाळा हवी, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे तर वर्ष सुरू होताना हवी. ती न देता 'कौशल्य नाही' म्हणणे म्हणजे विहीर बंद करून तहानेला दोष देणे होय.

आणि नीती व समाजभान हे गुण यादीत तुम्हीच लिहिलेत ना? मग भरती करणाऱ्याची परीक्षाही त्याच यादीवर होऊ द्या.

आमच्या वस्त्यांतल्या बुद्धविहारांत अभ्यासिका आहेत. तिथे दोन जुने संगणक लावा, नोकरीला लागलेल्या भावाबहिणींनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. 1942 ची मागणी अजून पुरी झालेली नाही. ती सरकारकडे मागत राहू, आणि आपल्या परीने पुरी करत राहू.

जय भीम!