गूगलवर न दिसणारं किल्लारी: १९९३ च्या आधीचं गाव मोबाईलवर कसं शोधायचं?

फोनवर 'किल्लारी' टाइप करून बघा. पहिला रिझल्ट भूकंपाचा, दुसरा भूकंपाचा, फोटो ढिगाऱ्यांचे, व्हिडिओ 'इतक्या वर्षांनंतर किल्लारी'. जणू ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांआधी हे गाव नव्हतंच! त्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली. आणि माणसांसोबत पेट्यांमधले कागदही गेले. खरेदीखतं, कुंडल्या, लग्नपत्रिका, आजोबांचा एकुलता एक फोटो. नंतर गावाचं पुनर्वसन दुसऱ्या जागी झालं, त्यामुळे कुठला वाडा कोणाचा हे दाखवणाऱ्या गल्ल्याही उरल्या नाहीत. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत.

तरीही एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. घरातला कागद गेला तरी त्याच माहितीची नोंद बऱ्याचदा दुसरीकडे कुठेतरी असते. तहसीलमध्ये, जनगणनेच्या पुस्तकात, हैदराबादच्या एखाद्या कपाटात. फक्त ती 'किल्लारी' या नावाने सापडतेच असं नाही.

आधी जिल्हा बदला

मी पहिल्यांदा शोधायला बसलो तेव्हा तासभर 'लातूर जिल्हा' टाकत राहिलो आणि हाती काही लागलं नाही. चूक माझीच. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीचं सगळं उस्मानाबाद जिल्ह्यात (म्हणजे आजच्या धाराशिवात) शोधायचं. १९४८ च्या आधी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून तिथलं राज्याचं नावही 'हैदराबाद' घ्यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं. इंग्रजी स्पेलिंगचाही घोळ आहे. १९०९ च्या सुमाराच्या गॅझेटियरमध्ये औशाचं स्पेलिंग ओ-डब्ल्यू-एस-ए असं येतं. किल्लारी एक 'एल' आणि दोन 'एल', दोन्ही प्रकारे टाकून बघा.

सगळ्यात कामाची पुस्तकं: जनगणना हस्तपुस्तिका

गॅझेटियर सगळ्यांना माहीत असतं. उस्मानाबादचं गॅझेटियर १९७२ चं आहे आणि राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या साइटवर मोफत वाचता येतं. इतिहास, शेती, सण, देवस्थानं यांसाठी छान. पण एका गावाबद्दल त्यात ओळी मोजक्याच असतात.

माझ्या मते खरा खजिना म्हणजे जिल्हा जनगणना हस्तपुस्तिका. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर जिल्ह्याचं असं पुस्तक निघतं आणि त्यात गावागणिक एक ओळ असते. गावाचं क्षेत्रफळ, घरं किंवा कुटुंबं किती, बाया-पुरुष किती, लिहिता-वाचता येणारे किती, शाळा, पाण्याची सोय. जुन्या प्रती जनगणना खात्याच्या सेन्ससइंडिया साइटवर पीडीएफमध्ये मिळतात. १९६१ ची उस्मानाबादची आणि १९९१ ची लातूरची, अशा दोन तरी उतरवून घ्या. १९९१ ची प्रत म्हणजे भूकंपाच्या दोनच वर्षं आधी काढलेला गावाचा हिशेब. जुन्या किल्लारीत किती कुटुंबं राहत होती, हे त्या एका ओळीत कळतं.

एक अडचण येते. हे स्कॅन म्हणजे नुसते फोटो असतात, त्यामुळे पीडीएफमध्ये 'सर्च' मारलं तरी 'काही नाही' असं उत्तर येतं. म्हणून पुस्तक रद्दी समजू नका. अनुक्रमणिकेतून तालुक्याच्या यादीवर जा आणि बोटाने सरकवत शोधा. औशात नाही सापडलं तर शेजारचे उमरगा, निलंगा बघा, कारण तालुक्यांच्या सीमा सरकलेल्या आहेत.

भूकंपाबद्दल वाचायचं असेल तर न्यूजपेक्षा शोधगंगा बरी. विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध तिथे प्रकरणवार उघडतात. मराठी प्रबंधांत एक गोची असते: बरेचसे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात, मग मराठीत शोधलं की हाती कचरा येतो. जिल्ह्याचं नाव इंग्रजीत टाका.

घराण्याचा माग

सातबारा आजचा मालक सांगतो. वंशावळीसाठी हवा तो फेरफार. जमीन वारसांच्या नावावर चढते तेव्हा मयत कोण, मुलं-मुली कोण, विधवा कोण, हे त्यात नोंदवलेलं असतं. एकेक फेरफार मागे ढकलत गेलात की दोन-तीन पिढ्या आरामात मिळतात. महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' साइटवर तुमचा जिल्हा यादीत दिसतोय का ते आधी बघा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल काढायची. मराठवाड्यात १९५४ च्या आसपासचं खासरा पत्रक आवर्जून मागा.

त्याच्याही मागे गेलात की कागद उर्दू किंवा मोडीत असतात आणि वर्ष फसली. घाबरू नका. फसली वर्षात ५९० मिळवा की इसवी सन मिळतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. छापील उर्दू गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं, पण कारकुनी घसटत्या उर्दूपुढे आणि मोडीपुढे ते हात टेकतं. तिथे जाणकार माणूसच लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हाही मोडी आणि उर्दू वाचणारे लागलेच.

कागदाबाहेरही वह्या आहेत. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांची नावं गावानुसार लिहिलेली असतात. कर्नाटक सीमेकडच्या गावांत हेळवी येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. असे कोणी दारी आले तर आधी फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, अर्थात त्यांना विचारून.

मग लायब्ररीत का जायचं?

कारण अर्ध्या गोष्टी स्कॅनच झालेल्या नाहीत. गूगल बुक्स कधीकधी दोन ओळी दाखवून थांबतं. शब्द पुस्तकात आहे एवढं कळतं, पान दिसत नाही. त्या पुस्तकाचं नाव आणि वर्ष लिहून घ्या आणि ग्रंथालयात न्या. राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. तुमच्या जवळचं कुठलं, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळतं. तिथे नुसतं 'इतिहासाचं काही आहे का' विचारू नका. शाळेच्या, कारखान्याच्या, साहित्य संमेलनाच्या स्मरणिका मागा. असल्या पुस्तिकांत गावातल्या माणसांची नावं आणि फोटो सापडतात, आणि त्या सहसा कुठेच अपलोड होत नाहीत. अतुल देऊळगावकरांचं 'डळमळले भूमंडळ' मिळालं तर तेही घ्या.

वर्तमानपत्रांच्या फायली बघणार असाल तर भूकंपाची बातमी १ ऑक्टोबरपासून शोधा. ३० तारखेचे अंक छापून झाले होते, गणपती विसर्जन आदल्याच दिवशी झालं होतं.

फोटो काढताना आधी मुखपृष्ठ, मग आतलं पान, तेही परवानगीने. नाहीतर महिन्याभराने गॅलरीत एक पान उरतं आणि ते कुठल्या पुस्तकातलं, हे आठवत नाही. आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा, गटनंबर असलेलं झाड सगळ्यांना दिसेल असं ऑनलाइन टाकू नका.

शेवटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जुन्या गावठाणात जा, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा. वेस इथे, आड तिथे, आपलं घर त्या बाभळीपाशी, असं ते सांगतील तिथे उभं राहून एकेक फोटो काढा.