पहिल्या सेक्टरावरील हक्क : वैयक्तिक संगणकावरील दुसऱ्या कार्यप्रणालीचा इतिहास

एकाच वैयक्तिक संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे दोन कार्यप्रणाली, नांदविण्याचा प्रश्न सामान्यतः केवळ तंत्राचा समजला जातो. हार्ड डिस्कची वाटणी कशी करावी आणि यंत्र सुरू होताना निवड कशी पुढे यावी, एवढ्यापुरताच त्याचा विचार होतो. परंतु गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, तांत्रिक सोय बव्हंशी प्रारंभीच झालेली होती. वाद राहिला तो अधिकाराचा. यंत्र सुरू होताच पहिली आज्ञा कोणाची चालावी, ते विकत घेणाऱ्याची, ते बनविणाऱ्याची, की त्यावर आधीपासून बसविलेल्या प्रणालीच्या धन्याची, हा तो प्रश्न होय.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी तीन कार्यप्रणाली सांगितल्या होत्या : पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. प्रणाली फ्लॉपीवर येत असे, आणि फ्लॉपी बदलली की प्रणाली बदले. निवड सर्वस्वी वापरणाऱ्याच्या हाती होती. मात्र पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर, तर सीपी/एम-८६ची २४० डॉलर होती. ग्राहकांचा कौल कोणीकडे जाणार, हे सांगावयास नकोच. निवडीची मोकळीक ही एक गोष्ट आणि निवडीची समान संधी ही दुसरी, हे या पहिल्याच प्रसंगी दिसून आले.

१९८३ साली पीसी एक्सटी हे १० मेगाबाइट हार्ड डिस्क असलेले यंत्र आले, आणि त्याबरोबर पीसी-डॉसची २.० ही आवृत्ती आली. या आवृत्तीत हार्ड डिस्कच्या पहिल्याच सेक्टराची रचना ठरविण्यात आली. ५१२ बाइटांच्या त्या सेक्टरात प्रारंभीचे ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, पुढील ६४ बाइट विभागांच्या नोंदींसाठी आणि अखेरचे २ बाइट खुणेसाठी होते. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून विभाग चार. प्रत्येक नोंदीत तो विभाग कोणत्या प्रकारच्या प्रणालीचा आहे हे सांगणारा एक बाइट होता. एकाच प्रणालीची सत्ता गृहीत धरली असती, तर अशा बाइटाचे प्रयोजनच उरले नसते. परंतु एका वेळी एकच विभाग ‘सक्रिय’ म्हणून नोंदविता येई, आणि तो बदलावयाचा तर ‘एफडिस्क’ चालवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. चार बिऱ्हाडांच्या वाड्याला एकच दिंडी असावी, तशी ही व्यवस्था होती.

दिंडीवर द्वारपाल बसविण्याचे काम पुढील दशकात झाले. १९९२ च्या ओएस/२ च्या २.० आवृत्तीबरोबर ‘बूट मॅनेजर’ आला. तो स्वतःच्या लहानशा विभागात राहून यंत्र सुरू होताना प्रणालींची यादी दाखवीत असे. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मध्येही तशी यादी होती. याच सुमारास लिनक्ससाठी ‘लिलो’ हा बूट लोडर प्रचारात आला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स रचली, ती मिनिक्स ही प्रणाली चालत असलेल्या आपल्या संगणकावर. स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत लिनक्सची जडणघडण मिनिक्सच्याच आश्रयाने झाली. अर्थात तिचा जन्मच दुसरी प्रणाली म्हणून झाला.

परंतु प्रत्येक प्रणाली आपला द्वारपाल बरोबर घेऊन येऊ लागली, आणि मागून येणारा आधीच्याला हुसकावू लागला. विंडोज ९५ बसविताना पहिला सेक्टर नव्याने लिहिला जाई आणि तेथे असलेला लिलो पुसला जाई. आधी विंडोज, मग लिनक्स, हा वापरणाऱ्यांतील शिरस्ता त्यातूनच पडला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय ५१२ बाइटांच्या जागेतही लागू पडला.

हा कलह केवळ सेक्टरापुरता राहिला असता, तर त्याची गणना तांत्रिक गैरसोयींत झाली असती. त्याचे खरे स्वरूप बीओएसच्या प्रकरणात उघड झाले. झाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीची ही प्रणाली जपानच्या हिताची कंपनीने १९९८-९९ च्या सुमारास आपल्या काही संगणकांवर विंडोज ९८ च्या जोडीला बसविली. तथापि यंत्र सुरू होताना तिचे नावही दिसत नसे. ती जागी करण्यासाठी ग्राहकाला वेगळी खटपट करावी लागे. मायक्रोसॉफ्टचे यंत्रनिर्मात्यांशी असलेले करारच याला कारण होत, असा बी कंपनीचा दावा होता. २००१ मध्ये या कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने घेतली. फेब्रुवारी २००२ मध्ये बीने दावा दाखल केला आणि सप्टेंबर २००३ मध्ये तो २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोडीने मिटला. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला नाही.

दरम्यान अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध १९९८ मध्ये आणलेल्या खटल्याचा अंतिम निवाडा नोव्हेंबर २००२ मध्ये झाला. त्यात दोन कलमे प्रस्तुत विषयाची आहेत. एकाहून अधिक प्रणालींनी सुरू होणारा संगणक विकल्याबद्दल निर्मात्यावर सूड उगवू नये, हे एक. आणि विंडोज सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या प्रणालीची निवड ग्राहकापुढे ठेवण्यास निर्मात्यास मज्जाव करू नये, हे दुसरे. १९८३ च्या नोंदीत जे गृहीत होते, ते १९ वर्षांनी न्यायालयाच्या आज्ञेने लिहून घ्यावे लागले. निवाड्याचा अंमल मे २०११ मध्ये संपला. बीओएसला मात्र त्याचा लाभ होण्याजोगा काळ उरला नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी प्रश्नाने नवे रूप घेतले. २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ प्रचारात आले : ज्या आज्ञावलीवर मान्य चावीची स्वाक्षरी नाही, ती यंत्र सुरूच करीत नाही. यामागील भय निराधार नव्हते. लाहोर येथे लिहिलेला १९८६ चा ‘ब्रेन’ विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरातच ठाण मांडीत असे. जो सर्वांआधी चालतो त्याला अडविणारा मागाहून कोणी नसतो. परंतु मान्यता देणारी चावी प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टची होती. इंटेल जातीच्या यंत्रांवर ही तपासणी बंद करण्याची सोय मालकाला द्यावी, अशी अट विंडोज ८ च्या वेळी होती. २०१५ च्या विंडोज १० च्या वेळी ती निर्मात्याच्या मर्जीवर सोडण्यात आली. लिनक्सच्या अनेक वितरणांनी ‘शिम’ नावाचा छोटा बूट लोडर मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरित करवून घेतला. दुसरी प्रणाली आत येते खरी, पण पहिलीच्या धन्याचा परवाना दाखवून.

ॲपलचे उदाहरण याच निष्कर्षास पुष्टी देते. २००६ मध्ये त्या कंपनीने ‘बूट कॅम्प’ देऊन आपल्या इंटेल यंत्रांवर विंडोजला स्वतः जागा करून दिली. २०२० मध्ये स्वतःच्या प्रोसेसरांची यंत्रे आणताना त्यांवर ती सोय ठेवली नाही. यंत्रकर्त्याच्या हिताने दिलेली सवलत ते हित बदलताच गेली. याउलट १९९९ च्या व्हीएमवेअरसारख्या आभासी यंत्रांनी किंवा २०१६ मध्ये विंडोजच्या पोटात आलेल्या लिनक्सच्या सोयीने असा कलह उत्पन्न झाला नाही. तेथे दुसरी प्रणाली बिऱ्हाडकरू असते. पहिली आज्ञा यजमानाचीच राहते.

म्हणून दोन प्रणाली एकत्र चालतात की नाही, एवढ्यावरून वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे माप काढणे योग्य होणार नाही. त्या कोणाच्या अनुमतीने चालतात, हे पाहिले पाहिजे. संरक्षणाची गरज खरी आहे, पण कुलूप असणे आणि किल्ली घराच्या मालकाजवळ असणे या भिन्न बाबी आहेत. १९८३ च्या त्या ६४ बाइटांत चौघांना जागा होती. किल्ली कोणाकडे राहावी, हे मात्र त्यांत लिहिलेले नव्हते, आणि पुढील इतिहास त्याच रिकाम्या जागेवरून घडला.