शिकाऱ्याची औषधपेटी: लिव्हिंग्स्टन ते ‘टॅब्लॉइड’

मागच्या व्याख्यानात आपण आफ्रिकेतल्या शिकारीच्या बंदुका आणि हमालांचे तांडे पाहिले. आज त्याच तांड्यातलं एक ओझं उघडून बघू, औषधांची पेटी. बंदुकीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. पेटीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

सुरुवात एका सिंहापासून. १८४४ साली दक्षिण आफ्रिकेत माबोत्सा इथे सिंह गुरं मारत होते. एखादा मारला की बाकीचे तो मुलूख सोडतात, असा तिथला अनुभव. म्हणून डेव्हिड लिव्हिंग्स्टन गावकऱ्यांबरोबर निघाला. गोळी लागलेल्या सिंहाने त्याचा डावा दंड धरला, हाड फोडलं आणि दातांच्या अकरा खुणा ठेवल्या. मेबाल्वे नावाच्या सोबत्याने सिंहावर बंदूक रोखली, म्हणून लिव्हिंग्स्टन वाचला. सिंह मेबाल्वेच्या मांडीवर गेला. तिसऱ्या एका माणसालाही चावा बसला.

लिव्हिंग्स्टन शिकलेला डॉक्टर. तो स्वतःच लिहितो, की आपल्या अंगात जाड लोकरीचं जाकीट होतं, त्यावर सिंहाच्या दातांचं विष पुसलं गेलं असावं, कारण दोन्ही सोबत्यांच्या जखमांनी पुढे जास्त त्रास दिला. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, लिस्टरचे कार्बोलिकचे लेख आले ते १८६७ साली. तरी निरीक्षण बघा किती नेमकं आहे! सिंहाच्या दातानखांत सडक्या मांसाची घाण असते. जखम खोल आणि तोंड लहान, वरून मिटते आणि आत चिघळते. शिकारीत फाडला गेलेला माणूस पुष्कळदा त्या दिवशी मरायचा नाही, चारपाच दिवसांनी मरायचा. १९११ साली ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचा भाऊ जॉर्ज नैरोबीजवळ सिंहाच्या तडाख्यात सापडला, आणि रुग्णालयात पोचूनही काही दिवसांत गेला.

पण शिकाऱ्याला सिंहापेक्षा ताप जास्त गाठायचा. लिव्हिंग्स्टनने स्वतःच्या गोळ्या बनवल्या होत्या: क्विनाइन, कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं संयुग, जलाप आणि रेवाचिनी. आधी जुलाब, मग कानांत घंटा वाजेपर्यंत क्विनाइन. यातलं मलेरियावर खरं काम करणारं एकच, क्विनाइन. बाकीचं त्या काळच्या वैद्यकाचं ओझं, असं आमचं मत.

१८६६ साली त्याची शेवटची सफर सुरू झाली, आणि इथे आपलं नाशिक येतं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला शिकवलं होतं. त्यांतले नऊ जण लिव्हिंग्स्टनने बरोबर घेतले. जानेवारी १८६७ मध्ये दोन हमाल पळाले. त्यांच्या ओझ्यांत भांडी, दारू, हत्यारं होती, पण जिवाला लागली ती औषधपेटी. आपल्याला जणू मृत्यूची शिक्षाच झाली, अशा अर्थाचं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. मलेरियाच्या मुलखात क्विनाइनशिवाय! पुढची सहा वर्षं तो खंगत गेला. १८७३ साली त्याच्या मृत्यूनंतर दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट याने. हाही नाशिकमध्येच शिकलेला. प्रेत लंडनला पोचल्यावर ओळख पटली कशावरून? डाव्या दंडाच्या, नीट न जुळलेल्या त्या हाडावरून.

पुढे धंदेवाल्यांनी ही गरज ओळखली. बरोज वेलकम कंपनीने १८८४ साली ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवलं आणि दाबून केलेल्या, मोजक्या मात्रेच्या गोळ्यांच्या पेट्या काढल्या. (छोट्या वर्तमानपत्राला टॅब्लॉइड म्हणतात, ते याच शब्दावरून.) बाटल्या फुटणं आणि तराजूवर भुकटी तोलणं, दोन्ही कटकटी मिटल्या. लिव्हिंग्स्टनच्या गोळ्याही त्याच्याच नावाने विकल्या गेल्या. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेला, तेव्हा तर लष्करी डॉक्टर एडगर मर्न्स तांड्यातच होता.

सगळंच चांगलं नव्हतं. साप चावला तर जखम चिरून पोटॅशियम परमँगनेटचे खडे भरायचे, म्हणून लाकडी मुठीत खडे असलेला छोटा चाकू, ब्रंटनचा, हिंदुस्थानातही फार खपला. बाटलीत विषात परमँगनेट मिसळलं की विष मरतं, हे खरं. पण मांसात एकदा पसरलेल्या विषापर्यंत ते पोचतच नाही, वर चिरलेली जागा जळते ती वेगळीच. तरी तो चाकू खिशात असला की साहेबाला धीर यायचा.

आणि आता तो प्रश्न, जो पेटीवर कुठेच छापलेला नसायचा: पेटी कुणासाठी? सफरीत एका साहेबामागे कितीतरी हमाल. भार डोक्यावर, पाय अनवाणी, तापाच्या मुलखात तेही तेवढेच. संध्याकाळी तंबूपुढे औषधासाठी रांग लागायची, तांड्यातल्यांची आणि आसपासच्या गावांतल्यांचीही. किती जणांना गोळी मिळायची, ते साहेबावर अवलंबून. मेबाल्वेची मांडी पुढे कशी राहिली, याबद्दल आपल्याकडे लिव्हिंग्स्टनच्या एकदोन ओळीच आहेत. लिव्हिंग्स्टनच्या दंडाचं हाड मात्र लंडनमध्ये सर विल्यम फर्ग्युसनसारख्या शल्यवैद्याने तपासलं.