स्मिता पाटील ‘आपली’ कशी?

सत्तरच्या दशकातल्या मोठ्या नट्या शोधल्या, की फोनवर आधी हॉलिवूडच येतं. १९७७ साली ‘ॲनी हॉल’ आला आणि डायन कीटनला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी ‘ज्युलिया’मधून मेरिल स्ट्रीप पहिल्यांदा पडद्यावर दिसली. आणि त्याच वर्षी आपल्याकडे जेमतेम बावीस वर्षांच्या एका मुलीचे ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ आले. स्मिता पाटील.

आपल्या खान्देशात तिचं नाव निघालं, की लगेच कोणीतरी म्हणतं, “अरे, ती तर आपल्या शिरपूरची!” जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई समाजकार्यात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधी शिरपूर आणि नंदुरबार एकाच धुळे जिल्ह्यात होते. म्हणजे ‘आपली’ म्हणायला हरकत नाही. पण मला वाटतं, ती आपली असण्याचं खरं कारण वेगळंच आहे.

सुरुवात बघा. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात. श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’, १९७६ मध्ये ‘मंथन’. ‘मंथन’ आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या दूध सहकारी चळवळीवर आहे. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये काढून तो उभा केला. क्राउडफंडिंग हा शब्द आपल्याला आत्ता कळला, त्यांनी तेव्हाच केलं होतं! त्यात स्मिता झाली बिंदू, गावातली कष्टकरी बाई. २०२४ मध्ये हा सिनेमा नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला.

‘भूमिका’ हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर बेतलेला. त्यासाठी पहिला राष्ट्रीय पुरस्कार. ‘जैत रे जैत’मध्ये ती ठाकर समाजातली चिंधी. पुढे ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतली अम्मा, आणि दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त (१९८२) महिला सुधारगृह चालवणारी सुलभा; काम की घर, या प्रश्नात उंबरठा ओलांडणारी.

आता हे सगळं एका ओळीत ठेवा. दूध घालणारी, डोंगरातली, झोपडीतली, नोकरीसाठी घर सोडणारी. सिनेमाची हिरॉईन गोरीपानच हवी, अशा काळात सावळ्या रंगाची ही मुलगी कष्टकरी बायांना कथेच्या मधोमध घेऊन आली. तिथे त्या नुसत्या दयेचा विषय नव्हत्या. त्या चिडत होत्या, प्रेम करत होत्या, चुकतही होत्या.

हे सोपं नव्हतं. ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतली बाई उघड्यावर आंघोळ करते, कारण तिला आडोसाच नाही. जाहिरातीत मात्र तेच दृश्य प्रेक्षक खेचायला वापरलं. स्मिताने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. १९८२ मध्ये तिने ‘नमक हलाल’सारखा धंदेवाईक सिनेमाही केला. काहींना ती तडजोड वाटली. मला तसं वाटत नाही. त्यानंतरही तिने ‘मिर्च मसाला’ केलाच की.

१९८५ मध्ये पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत, ती गेली. वय ३१. ‘मिर्च मसाला’ तिच्यानंतर प्रदर्शित झाला. बाळंतपणात बाई दगावणं म्हणजे काय, हे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ते मुंबईत घडलं, एवढ्या नावाजलेल्या बाईच्या बाबतीत.

मेरिल स्ट्रीपला पुढे कित्येक दशकं काम करता आलं. स्मिताला मिळाली साधारण बारा वर्षं. म्हणून आपण तिच्याबद्दल बोलताना बहुतेकदा ‘लवकर गेली’ इथेच थांबतो. माझं म्हणणं एवढंच, की थांबू नका. आज रात्री रील्स जरा बाजूला ठेवा आणि ‘मंथन’ बघा. बिंदूचं चालणं, बसणं, बोलणं बघा. मग घरातल्या, शेतातल्या बायांकडे बघा. ती आपली का, हे गावाचं नाव न सांगताही कळेल.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!